केंडाचं वर्णन

इंग्रजी अमलात आमच्या करंब्याच्या खाडीवर दाजीबा सुखटणकर नावाचे गृहस्थ राहायचे. मासे, साप, सरडे गोळा करून ते दारूच्या बरण्यांत जपायचे आणि त्यांची वर्णनं विलायतेला छापायला धाडायचे. सारा जन्म त्या बरण्यांत घातला बघा त्यांनी.

एकदा त्यांना केंड माशाची एक जात सापडली, तोवर कुणीच न नोंदलेली. नव्या जातीला शोधणाऱ्यानं नाव द्यायचं, ही त्या विद्येची रीत. दाजीबांनी खाडीचं नाव ठरवलं. ते संस्थानच्या दिवाणांच्या कानावर गेलं.

त्यांनी दाजीबांना कागदांसकट बोलावून घेतलं. भर कचेरीत दिवाण गरजले, "खाडीचं कसलं नाव देता? माझं द्या, जगभर गाजू दे! नाहीतर उद्या तुमच्या सगळ्या बरण्या फोडून टाकतो."

दाजीबा शांतपणे म्हणाले, "देतो की, सरकार. पण नावाखाली वर्णनही छापावं लागतं."

"मग छापा! वाचा बघू."

दाजीबांनी दिवाणांचं नाव मोठ्यानं घेतलं आणि सावकाश पुढं वाचलं, "राहतो चिखलात. तोंड लहान, पोट मोठं. जरा डिवचला की टम्म फुगतो, आत नुसती हवा. अंगात विष, म्हणून कुणाच्याच उपयोगाचा नाही."

कारकून माना खाली घालून खोकू लागले.

"वर्णन बदला!" दिवाण ओरडले.

"ते माझ्या हातात नाही, सरकार. आधी माशाला बदलायचा हुकूम काढा, मग मी लिहितो."

दिवाणांचे गाल रागानं फुगले. आपण फुगतोय हे त्यांच्याच ध्यानात आलं, तसा त्यांनी हळूच श्वास सोडला.

"असू दे खाडीचंच नाव," ते म्हणाले.