चिमणीखाली कोण उभे राहणार

वजावट म्हणजे सूट नव्हे. सूट देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. वजावट म्हणजे उत्पन्न मिळवण्यासाठीच झालेला खर्च कर आकारण्यापूर्वी त्या उत्पन्नातून वगळणे, आणि तो कमावणाऱ्याचा हक्क असतो.

मुक्ता सरनोबत ड्रोन उडवून साखर कारखान्यांच्या चिमण्यांची पाहणी करी. नव्या बॅटऱ्यांचा खर्च तिने वजावटीत दाखवला, तेव्हा करअधिकारी निरगुडकरांनी तिला बोलावून घेतले. वजावट नाकारली गेली असती, तर कर भरण्यासाठी तिला ड्रोनच विकावा लागला असता.

वाळू भरलेल्या डब्यातून तिने किंचित फुगलेली जुनी बॅटरी काढून मेजावर ठेवली. फुगलेली बॅटरी उडता उडता दगा देऊ शकते, पेटही घेऊ शकते; म्हणून ती वाळूत ठेवतात.

"चार्ज होते का?"

"होते, साहेब."

"ड्रोन उडतो?"

"उडतो."

"मग नव्या बॅटऱ्या ही तुमची हौस झाली, बाई. हौसेला वजावट नसते."

मुक्ता शांतपणे म्हणाली, "मान्य, साहेब. आता आवारात याच बॅटरीवर ड्रोन उडवते. चिमणीखाली कामगार उभे असतात, तसे आपण तेवढे खाली उभे राहा."

निरगुडकरांनी बॅटरीकडे पाहिले आणि खुर्ची नकळत मागे सरकवली. मग ते हसले. "मी काही उभा राहायचा नाही. वजावट मंजूर."

लोक सांगतात, तिने साहेबांच्या डोक्यावर ड्रोन उडवून त्यांची फजिती केली. ते खरे नाही. ड्रोन पेटीतून निघालाच नाही. उलट बाद बॅटऱ्यांची नोंद कशी ठेवावी, हे त्याच दुपारी निरगुडकरांनी तिला समजावले. आजही जुनी बॅटरी वाळूत ठेवताना ती त्यांचे नाव कृतज्ञतेने घेते.