डोलीवाल्यानं निवडलेले टायर

चूक बयाजीबाबाची होती. रोहिदासच्या मते वाडीत हे सगळ्यांना माहीत होतं. तोंडावर म्हणायची छाती मात्र एकाचीही नव्हती.

"कशाला सांगितलंत लोकांना?" रोहिदासनं दारातूनच विचारलं. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

म्हातारा चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. एकट्यापुरती. बायको, चांगुणा, गेली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून तो एकट्यापुरतीच थापायचा.

"काय सांगितलं?"

"गाडीत पोटुशी बाई बसवू नका म्हणून."

"सांगितलं."

बस. एवढंच. कारण नाही, खुलासा नाही. म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं. आपण बोलून मोकळं व्हायचं, निस्तरायचं पोरांनी.

डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावरच्या त्या धनगरवाडीला रस्ता नव्हता. खालच्या डांबरी सडकेपर्यंत नुसता काळा कातळ, मधेमधे ओढे. आजारी माणूस, अडलेली बाई, सगळ्यांना डोलीतून न्यायचं. लांब बांबूला घोंगडीची झोळी, पुढं एक खांदा, मागं एक खांदा. पाच तास. चाळीस वर्षं पुढचा खांदा बयाजीबाबाचा होता.

मग दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेनं इंजिनावर चालणारी बग्गी दिली. दोन सीट शेजारी शेजारी, वर लोखंडी पिंजरा, दार नाही, काच नाही. कुठल्याशा डोंगरी खेळांच्या पार्कात वापरून झालेली. रोहिदास ती चालवायला शिकला. नववीत शाळा सुटलेल्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी ड्रायव्हर म्हणालं. पाच तासांची वाट त्यानं पन्नास मिनिटांवर आणली.

आणि मागच्या महिन्यात बाबा त्या शेजारच्या सीटवर बसला. अर्ध्या वाटेत "थांब" म्हणाला. उतरला. कमरेवर हात ठेवून चालत घरी गेला.

त्या आठवड्यात वाडीनं माळ्यावरचा बांबू पुन्हा खाली काढला.

रोहिदासनं तेही सोसलं असतं. पण काल त्याची बायको, आठवा महिना लागलेली कविता, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मी डोलीनं जाईन. बाबा म्हणतात तसं."

ते मात्र लागलं.

"टायर झिजलेत म्हणून हादरते गाडी," रोहिदास म्हणाला. "संस्था नवे टायर देतीय. रिमापण नव्या. कोणते पायजेत त्याचा फोटो दुपारपर्यंत पाठवायचाय. आता तुमीच निवडा. मग तरी नावं ठेवायला जागा राहणार न्हाई."

त्यानं टोमणा मारला होता. म्हाताऱ्यानं तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. पिठाचे हात धोतराला पुसले.

"दाव."

रोहिदासनं मोबाइल पुढं धरला.

"हा चिखलाचा. बघा, कसले गट्टू हायेत. उभ्या चढाला चिकटून वर जातो."

"आन ह्यो?"

"कातळाचा. आठ पदरी. सुरी मारली तरी फाटत न्हाई."

"ही चमकती ती?"

"रिम. पंधराची. रिम मोठी, टायर बारीक. वळणावर गाडी झुकत न्हाई. पळवता येते."

रोहिदासच्या आवाजात आता जरा रंग भरला होता. ही रिम त्यानं कधीच निवडून ठेवली होती.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला...

"चिखलाचा दावलास. कातळाचा दावलास. पळायचा दावलास."

"मग?"

"कविताचा कंचा?"

रोहिदास हसला. मग हसू राहिलं तसंच तोंडावर, वाळत.

"असा टायर नसतो, बाबा."

"बरं." म्हातारा उठला. कोपऱ्यातला बांबू काढला, घोंगडी खांद्यावर टाकली. "चल. म्हस सांजंपासनं आली न्हाई. वरल्या झऱ्यावर व्याली आसंल. रेडकू आणाय मागचा खांदा पायजे."

"मी टायरचं विचारतोय."

"आन मी खांदा मागतोय."

दुसरं कुणी असतं तर रोहिदास निघून गेला असता. पण दुपारपर्यंत वेळ होता, आणि घरी गेलं की कविताचं तोंड होतं.

झऱ्यापाशी म्हैस उभी होती. पायाशी रेडकू. ओलं, काळं, कान शेवाळासारखे लोंबलेले. उठायला बघायचं, गुडघ्यावर पडायचं. म्हाताऱ्यानं म्हशीला नावानं हाक मारली, रेडकाच्या पोटाखाली हात घातला आणि त्याला घोंगडीत निजवलं. चाळीस वर्षांचे हात. गाठ मारताना त्यांना डोळे लागले नाहीत.

पुढं म्हातारा, मागं रोहिदास.

रोहिदासनं म्हाताऱ्याच्या टाचांकडं बघितलं आणि पायाला पाय मिळवला. डावा-उजवा, डावा-उजवा. शाळेत पीटीच्या तासाला एवढं एकच त्याला नीट जमायचं.

वीस पावलांत बांबू लवायला लागला. झोळी वर, झोळी खाली. रेडकू ओरडलं. मागून म्हैस अशी हंबरली की रोहिदासच्या पाठीला काटा आला. तिची शिंगं त्याच्या कमरेपासून हातभर होती.

"पाय चुकव," म्हातारा मागं न बघता म्हणाला.

"काय?"

"माजा डावा पडंल तवा तुजा उजवा. मिळवू न्हको."

"लष्करात मिळवूनच चालतात."

"त्यांच्या झोळीत काय आसतंय?"

रोहिदासनं पाय चुकवला. अवघड होतं. लंगडल्यासारखं वाटायचं. पाय पुन्हापुन्हा आपसूक जुळायला बघायचा आणि बांबू लगेच चहाडी करायचा. मग हळूहळू जमलं. पुढचा खांदा उचलायचा तेव्हा मागचा दबायचा, मागचा उचलायचा तेव्हा पुढचा. बांबू गप्प झाला. दोघं चालत होते आणि मधे झोळी मात्र फांदीला टांगल्यासारखी निवांत होती.

रेडकानं मान टाकली. झोपलं.

म्हैस पुढं येऊन झोळीच्या बाजूनं चालायला लागली. घोंगडीबाहेर लोंबणारा तो एक कान चालता चालता चाटत राहिली.

अर्धी वाट सरली.

मग रोहिदासचा राग परत आला. वेगळाच आला. दोन वर्षं तो माणसं नेत होता. दोन वर्षं ह्या म्हाताऱ्याला हे माहीत होतं. ही माणसं सगळं जाणतात आणि गिळून बसतात. पोरगं आपटलं की मग म्हणतात, आम्हाला ठाऊक होतं.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"मी रोज तुमच्या दारावरनं जात होतो."

"व्हय. आन जाताना किती मिंटं लागली ते सांगत हुतास."

ते खरं होतं.

गुरांच्या वाड्यात झोळी उतरवली. म्हातारा खाली वाकला तेव्हा सदऱ्याचा गळा सरकला. उजव्या खांद्यावर, बांबू टेकायचा तिथं, मांसाचा एक उंचवटा होता. भाकरीएवढा.

"दाब," म्हातारा म्हणाला.

"कशाला?"

"दाब तर."

रोहिदासनं अंगठा टेकला. त्याला वाटलं होतं दगडासारखं लागेल. अंगठा आत गेला. मळलेल्या पिठात जावा तसा. काढला तसा खांदा पुन्हा भरून आला.

"आता तुजं चाक दाब."

बग्गी जांभळीखाली उभी होती. शेजारच्या सीटच्या बाजूला गेला रोहिदास. त्या बाजूला तो कधी गेलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. पुढच्या टायरच्या कडेला त्यानं अंगठा लावला. दाबला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. रबराला खबरही नव्हती.

तो तिथंच बसून राहिला, चाकाला पाठ लावून. मोबाइल काढला. दुकानानं पाठवलेले फोटो मागं मागं सारत गेला. अगदी शेवटी एक होता. बाराची रिम, छोटी, काळी, कसलीच चमक नाही. टायर मात्र जाड, कडेला रबराचा पोटासारखा फुगवटा, पदर दोनच. खाली लिहिलं होतं, 'आरामासाठी'. काल ह्याच फोटोवर तो हसला होता.

म्हातारा शेजारी येऊन टेकला. रेडकू तिकडं आचळाला लागलं होतं, शेपटी हलवत.

"हा," रोहिदास म्हणाला. "पण हा कातळावर फाटायची भीती. जपून न्यावी लागंल. हवा कमी ठेवावी लागंल. पन्नास मिनिटांचा दीड तास हुईल."

"हुंदे."

"दीड तास, बाबा."

"व्हय."

रोहिदासचा अंगठा फोटोवर थांबला. आवाज खाली आला. आता त्यात टोमणा नव्हता. चोवीस वर्षांचा पोरगा घाबरला होता, आणि ते लपवायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं.

"आन तिला तेवढा वेळ नसला तर? घाई करायची येळ आली तर काय करू मी?"

म्हातारा घोंगडी झटकत होता. रेडकाची ओल तिला लागली होती. त्यानं ती झटकायची थांबवली, मांडीवर घेतली, घडी घातली. घडीवर घडी...

"तुमी कधीच घाई न्हाई केली?"

"केली. येकदा."

जांभळीचं एक पान बग्गीच्या सीटवर पडलं.

"पायाला पाय मिळवला आन पळालो. पाच तासांची वाट तीन तासांत उतरलो."

"मग?"

"झोळीत चांगुणा हुती."