पहार हलली तेव्हा

एका डोंगरवाडीत लखमा नावाचा एक माणूस कड्यावरची मोहोळं उतरवून पोट भरत असे. हात कसबी, छाती धीट. खोड एकच, त्याला सगळंच ठाऊक असे. चुलीतला धूर कसा कोंडतो ते तो बायकांना सांगे आणि म्हैस का आटली ते गवळ्याला. पुष्कळदा त्याचं म्हणणं खरंही निघे, आणि तेच त्याच्या बायकोला, राहीला, जड जाई.

राहीचा बापही मध काढणारा. लहानपणापासून ती त्याच्या मागं कडेकपारी हिंडलेली. पण लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी तिनं सांगितलेली एकही गोष्ट लखमानं पहिल्या झटक्यात मानली नव्हती. पुढं पुढं ती एकदाच सांगे आणि गप्प बसे.

चैत्रातल्या एका सकाळी दोघं घारकड्यावर गेली. खाली तीन पुरुष खोलीवर आग्या मोहोळ लोंबत होतं, सुपाएवढं. लखमानं काठालगतच्या खडकाच्या फटीत लोखंडी पहार ठोकली आणि तिला दोराचा मध्य बांधला. एक टोक कमरेला घेतलं. उरलेला दोर राहीच्या पायाशी वेटोळं होऊन पडला.

राही म्हणाली, "इथला खडक कुजका आहे. मागं ऐनाचं झाड आहे, चार पावलांवर. त्याला बांधा. बाबा तिथंच बांधायचे."

"तुझ्या बाबांना पहार ठोकता येत नसेल," लखमा म्हणाला. "हिला हत्ती बांध, हलायची नाही."

"निदान उरलेल्या दोराचा वेढा तरी टाकते ऐनाला."

"काही नको. दोर गुंततो. तू नुसती बघत उभी राहा."

राही बघत उभी राहिली.

लखमा धुराची चूड घेऊन खाली उतरला. दोर ताणला गेला. थोड्या वेळानं मोहोळ घोंघावू लागलं. राहीची नजर पहारीवर होती. पहारीच्या बुडाशी मातीची एक बारीक रेघ दिसली. मग एक खडा निखळून कड्यावरून गेला. पहार केसभर वाकली.

तिच्या छातीत धस्स झालं. पण त्या धसक्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी आलं, गोड आणि ऊबदार. 'सांगितलं होतं,' तिच्या मनात आलं. 'आता वर येऊ दे. ही वाकलेली पहार दाखवते. बघू काय बोलतो.'

दोराचं टोक तिच्या पायाशी होतं. ऐन चार पावलांवर होता. आता वेढा टाकला तर पहार जागच्या जागी राहील, आणि लखमा म्हणेल, हललीच कुठं? अजून थोडी वाकू दे. चांगली डोळ्यांनी दिसेल एवढी. तोंडातून शब्द निघणार नाही इतकी.

पहार बोटभर वाकली. राहीच्या ओठांवर हसू आलं.

आणि फट एकदम उघडली.

राही टोक उचलून धावली. ऐनाला कसाबसा एक वेढा पडला, तोच मागं खणकन आवाज होऊन पहार सुटली. दोर तिच्या तळव्यांतून सरसरत गेला. तिनं टाच मुळाला रोवली आणि सगळं अंग मागं टाकलं. दोर थांबला. तळवे पेटल्यासारखे झाले.

खालून लखमा ओरडला, "दोर का सोडलास?"

"मी सोडला?" राहीचा आवाज फाटला. "तुमची पहार निघाली! सांगितलं नव्हतं मी?"

"पहार निघणं शक्यच नाही! तूच कायतरी केलंस!"

"शक्य नाही? निघालीय! लोंबतेय ती तुमच्या डोक्यावर!"

ओरडायला तिनं श्वास घेतला, तेवढ्यात दोर आणखी हातभर सरकला. खाली दगड कोसळल्याचा आवाज आला. लखमाचा आवाज मात्र आला नाही. एकच क्षण. त्या क्षणात राहीच्या मनात आलं, की आपण बरोबर आहोत हे ऐकायला खाली कुणी उरलंच नाही तर?

"अहो!"

"आहे," लखमा म्हणाला. आवाज अगदी बारीक होता.

"पहारीचं राहू द्या. डाव्या हाताला कपार आहे, कमरेच्या खाली. बाबा तिथं विसावा घ्यायचे. पाय टाका."

"डावीकडं गुळगुळीत..." तो म्हणू लागला आणि थांबला. मग दोर डावीकडं झुकला. माश्या उठल्या होत्या, त्यांची घोंघों वरपर्यंत येत होती. राही डोळे मिटून मोजत राहिली. सात, आठ, नऊ. आणि हातातलं ओझं एकाएकी हलकं झालं.

"पाय टेकला!"

राहीनं ऐनाला आणखी दोन वेढे घातले, गाठ मारली, दातांनी ओढून आवळली. मग लखमा वर चढला. तोंड माश्यांनी सुजलं होतं, गुडघे सोललेले. काठावर येऊन तो बसला. फटीतल्या भोकाकडं बराच वेळ बघत राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

हे दोन शब्द ऐकायला राही सोळा वर्षं थांबली होती. पण आता ते तिच्या कानांवर नुसते पडले.

"माझंही," ती म्हणाली. "पहार हलताना मी पाहिली. वेळ होता. वेढा टाकला नाही."

"घाबरलीस?"

"नाही. तुम्ही चुकलात हे पुरतं दिसावं म्हणून थांबले. हसत होते मी."

लखमा रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याची नजर तिच्या तळव्यांवर गेली. कातडं निघून मांस दिसत होतं.

"आणि मी तुझं ऐकलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तुला हे बघायची हौस आली नसती."

त्यानं मुंडासं सोडलं, फाडून त्याच्या दोन पट्ट्या केल्या. मग थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं,

"कसं बांधू? सांग."

तात्पर्य: आपलं माणूस चुकण्याची वाट बघत जो गप्प उभा राहतो, त्याची चूक चुकणाऱ्याच्या चुकीहून मोठी असते.