पाठमोरी बाग

एका राज्यात राजाच्याही आधीची एक रीत होती. रोप उपटायचं तर उगवतीकडच्या फांदीला लाल दोरा बांधायचा, आणि नव्या जागी लावताना तो दोरा पुन्हा उगवतीकडेच आणायचा. झाडाचं तोंड फिरवू नये, असं लोक मानत.

राजा मात्र भारी उतावळा. त्याला एका दिवसात रानबाग हवी होती. त्यानं बोलावलेल्या मांत्रिकानं मंत्र टाकला. दूरच्या रानातली हजार झाडं मुळांसकट उडत आली नि राजवाड्यामागं उभी राहिली. दोरे बांधायला सवड कुणाला होती? मांत्रिक आल्या वाटेनं निघून गेला.

वसंत आला. पळस पेटला, पांगारा लालेलाल झाला, आंबा मोहरला. पण मोहराला वास नव्हता. मधमाशी फिरकत नव्हती. झाडाला पुढून बघा, मागून बघा, पाठच दिसे. सावलीत जो बसे त्याच्या दिशा हरपत नि तळपायांना मुळं फुटत. पांगाऱ्याचं शेवटचं फूल गळालं की रुजलेल्या माणसाचं लाकूड होणार, असा तिथला शापच होता. बारा माणसं अशी रुजली.

तेरावी गोजरा. फुलं बघायला म्हणून गेली ती परतलीच नाही.

तिची शेजारीण येसू माळीण. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे येसूला झाकण निघायच्या आधी कळे. गोजरा कुठल्या मुलखातून आली, एवढं एकच तिला कधी कळलं नव्हतं. तरी शेजारीण ती शेजारीण! येसूनं मनगटाला लाल दोरा बांधला नि थेट राजापुढं उभी राहिली.

"महाराज, बाग तुमची. चला माझ्यासंगं."

"माळीणबाई, आत गेलेला परत येत नाही."

"म्हणूनच म्हणते, चला."

राजा खाली मान घालून निघाला. दिशा हरपू नये म्हणून येसूनं त्याच्याही मनगटाला दोरा बांधला. बागेच्या तोंडाशी धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "शाप मोडायचा तर कामं तीन. पहिलं, या थोरल्या आंब्याचं जुनं तोंड डोळे मिटून शोध."

येसूनं डोळे मिटून खोड चाचपलं. मावळतीच्या उन्हात भाजलेली साल खरखरीत, उगवतीकडची मऊ. मऊ सालीवर तिनं दोरा बांधला.

"दुसरं. ज्यानं चूक केली त्यानं अनवाणी खणून झाड वळवावं."

राजानं जोडे काढले, कुदळ धरली. हाताला फोड आले तेव्हा तो आंब्याला म्हणाला, "चुकलो." जुनी बाज करकरावी तसा आंबा करकरत वळला. मग सारी बागच वळली. हजार पाठींची हजार तोंडं झाली. झाडं नुसती बघत राहिली.

बारा माणसांनी अंगावरची साल झटकली नि ती आपापल्या घराच्या वाटेला लागली. गोजरा तेवढी उभीच. साल गळ्याशी आलेली. पांगाऱ्यावर एकच फूल उरलं होतं.

"तिसरं," धनेश म्हणाला. "हिचं तोंड कुणीकडे?"

"उगवतीकडे," राजा म्हणाला.

"माणसाचं तोंड झाडासारखं नसतं, राजा. चुकलात तर लाकूड."

येसू म्हणाली, "थांबा. रोज सकाळी ही मागच्या पायरीवर बसते. माझ्या चुलीचा धूर दिसल्याबिगर भाकरीचा तुकडा मोडत नाही. माझं घर त्या बाजूला. फिरवा तिकडं!"

दोघांनी जोर लावला. फूल सुटलं. ते भुईला टेकायच्या आत साल तडकली.

गोजरानं श्वास घेतला नि पहिलं काय बोलली? "येसूबाई, कुंपणावरनं रोज बघतेस होय गं माझ्याकडं?"

"बघत होते म्हणून वाचलीस, भवाने! चल, चूल पेटवायचीय."

वाऱ्याची झुळूक आली नि मोहराचा वास साऱ्या राज्यात पसरला. गोजरा उभी होती तिथं राजानं स्वतः रोप लावलं, दोरा उगवतीला आणून. आता वसंतात त्या बागेत पंगती बसतात, हसणंखिदळणं चालतं. पण सावलीत टेकण्याआधी जो तो आपलं घर कुठल्या अंगाला आहे ते एकदा बघून घेतो. झाडंही बघत असतात.