भरावावरचा पंजा

फार फार वर्षांपूर्वी, ज्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही, तिथे एक बुरूडीण राहत होती. ती बांबूच्या तट्ट्या विणी. तिचा नवरा त्या तट्ट्या मातीच्या थराथरांत अंथरून भराव घाली. त्याच्या शेवटच्या भरावाने डोंगराची माती अडवून धरली होती आणि त्या आधाराने खाली एक वाडी वसली होती.

त्या मुलखात एक रीत होती. भरावात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून पायथ्याशी एक तोंड ठेवत. काम पुरं झालं की कारागीर तोंडाखालच्या ओल्या मातीत आपला पंजा उमटवी. पहिलं पाणी त्याच्या हातावरून वाहावं, एवढीच इच्छा. बुरूडिणीच्या नवऱ्यानेही पंजा उमटवला. पुढे हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

बुरूडीण रोज तिथे जाऊन त्या पंजात आपला हात ठेवी. त्याची बोटं लांब होती. तिच्या बोटांपुढे थोडी जागा उरे. त्या जागेकडे ती बघत राही.

पावसाळा लागला. तोंडातून पाणी ठिबकू लागलं आणि पंजाची करंगळी पुसट झाली. बुरूडिणीने चिकणमाती कालवली आणि तोंड लिंपून टाकलं.

मग पाऊस असा लागला की थांबायचं नाव घेईना. एके सकाळी एक खेकडा तिच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"काय गं बाई, माझं दार तू लिंपलंस?"

"दुसरं घर बघ."

"आत गळ्यापर्यंत पाणी आलंय. मला गळा नाही म्हणून वाचलो!"

"माझ्या माणसाचा हात आहे तो," ती म्हणाली. "तो पुसला तर माझ्यापाशी काय उरेल?"

खेकड्याने थट्टा सोडली. "माती घट्ट असते तोवरच तुझ्या तट्ट्या तिला धरतात. आता आत चिखल झालाय. तट्ट्या सरकायला लागल्यात. भरावाचं पोट बघ जा."

ती धावली. सरळ भराव पुढे फुगला होता. खाली चुलींचा धूर निघत होता. कुणी तरी पोराला ओरडत होतं, "अरे मेल्या, दूध सांडशील!"

"पोरंबाळं घेऊन पलीकडच्या टेकाडावर जा!" ती खच्चून ओरडली.

वाडी रिकामी झाली. बुरूडिणीने एकदा पंजात हात ठेवला. मग कोयत्याने तोंडावरची माती खरवडली.

गढूळ पाणी उसळून आलं. आधी बोटं गेली, मग तळवा. तिने धारेत ओंजळ धरली, पण माती बोटांतून निसटून गेली.

दिवस मावळताना धार नितळ झाली. लोक परतले. एका म्हातारीने विचारलं, "पोरी, टिकेल ना गं भराव?"

"टिकेल," बुरूडीण म्हणाली. "त्यांनी घातलाय."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात खांद्यापर्यंत हात आत घालून ती तोंडातला गाळ काढी. आठवण कमी झाली नाही. वाडी मात्र सुखाने झोपली.

गेलेल्या माणसाची खूण जपताना त्याचं काम बुडू देऊ नये.