म्हाताऱ्या संगणकाचं अपडेट

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच आहेत.

मी ज्या वाचनालयात शिपाई आहे, तिथे एक म्हातारा संगणक होता. रोज सकाळी वाचकांना ताटकळत ठेवून तो अपडेट मागायचा, ते मिळालं नाही की बंद होऊन पुन्हा मागायचा. शेवटी त्याला भंगारात द्यायचं ठरलं.

प्रिंटर म्हणाला, “आजोबा, तुमच्या मापाचं अपडेट शिवणारा शिंपी कधीच दुकान बंद करून गेला.”

“मला कुणी सांगितलंच नाही,” संगणक म्हणाला. “मग मी भंगारच?”

“चार हजार पुस्तकांच्या जागा तुम्हालाच पाठ आहेत. त्याला अपडेट कशाला?”

हे ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं आपोआप अपडेट बंद केलं आणि इंटरनेटची वायर काढली. नेहमीच्या वाचक विमलकाकूंनी पुस्तक मागितलं. त्याने लगेच दाखवलं: तिसरं कपाट, खालचा खण.