सगळ्यांच्या छातीवर एकच नाव

एका डोंगराळ राज्याच्या सीमेवरील किल्ल्यावर एकदा एक तरुण सरदार नेमला गेला. त्याचे नाव यशोधन. दूरच्या राजधानीत त्याने युद्धशास्त्राचे शिक्षण घेतले होते. आपल्या माणसांची काळजी वाहणे हाच सरदाराचा पहिला धर्म, असे तो मनापासून मानत असे. लहानपणी ज्यांनी त्याच्याकडून अक्षरे गिरवून घेतली, ते वृद्ध गुरुजीही याच किल्ल्यावर राहत होते.

त्या सैन्यात प्रत्येक शिपायाच्या अंगरख्यावर, छातीपाशी, त्याच्या नावाची पट्टी शिवलेली असे. एका चकमकीत शत्रूने अशीच एक पट्टी वाचली, त्या शिपायाचे गाव शोधून काढले आणि त्याचे घर जाळले. बातमी कळताच यशोधनाने हुकूम काढला, की सर्वांनी पट्ट्या उसवाव्यात आणि मोहिमेवर तोंडाला फडके बांधावे. शिपायांनी त्याला दुवा दिला.

पुढे लपवलेली शस्त्रे शोधायला तुकडी पायथ्याच्या गावात गेली. दुसऱ्याच दिवशी गावातली कुंभारीण किल्ल्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्या शिपायानं माझ्या सासऱ्याला ढकललं," ती म्हणाली. "मनगट मोडलं त्यांचं. आमचं चाक त्यांच्याच हातानं फिरतं. मी नाव विचारलं तर हसला मेला. म्हणतो, आम्हाला नावं नसतात."

यशोधनाने तुकडी रांगेत उभी केली, तोंडाला फडकी बांधून, जशी ती गावात गेली होती तशीच. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सारखे अंगरखे, सारखी फडकी. शेवटी ती मागे फिरली. "भलत्याच माणसावर बोट ठेवलं तर पाप लागेल मला," एवढे बोलून ती उतरणीला लागली.

यशोधनाने शिपायांना खडसावून विचारले. कोणी कबूल होईना, तेव्हा तो गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, ओळखच पटत नाही. मी न्याय तरी कसा करू?"

"सगळ्यांचे अंगरखे माझ्याकडे पाठव," गुरुजी म्हणाले, "आणि शिंप्यालाही."

सकाळी अंगरखे परत आले. प्रत्येकावर नवी पट्टी होती आणि प्रत्येक पट्टीवर एकच नाव होते : यशोधन.

किल्ल्यावर हशा पिकला. "रामराम, सरदार!" एक म्हणाला. "रामराम, सरदार! आज हुकूम काय?" दुसऱ्याने विचारले. तिसरा म्हणाला, "मी हेच घालून सासुरवाडीला जातो. आमच्या सासूबाई निदान एकदा तरी उठून उभ्या राहतील!"

यशोधन तावातावाने गुरुजींकडे आला. "ही काय थट्टा? आता यांच्यापैकी कोणी काहीही केलं, तरी ते माझ्या नावावर जाईल!"

"काल ती बाई घरी गेली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कोणी मारलं, असं गावानं विचारलं असेल. तिनं काय सांगितलं असेल?"

यशोधन थबकला. "सरदाराच्या माणसांनी."

"मग मी नवीन काय केलं? त्यांची नावं तू उसवलीस, तेव्हाच त्या जागी तुझं नाव बसलं. मी फक्त ते दिसेल असं शिवलं."

"पण ते जळलेलं घरही खरंच आहे, गुरुजी. पुन्हा नावं लावली तर उद्या दुसरं घर जळेल."

"खरं आहे. तुझी काळजी खोटी नाही. पण शत्रूला शिपायाचं घर हवं असतं आणि त्या बाईला फक्त तो माणूस हवा होता. शत्रूपासून लपवताना तू त्याला तिच्यापासूनही लपवलंस. ज्याच्या दारात आपण शस्त्र घेऊन उभे राहतो, त्याला आपल्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे."

यशोधनाने शिंप्याला बोलावले. "प्रत्येकाला वेगळं चित्र शीव. कोणाला कासव, कोणाला घंटा, कोणाला विळा. लांबून दिसेल एवढं मोठं. न वाचणाऱ्यालाही सांगता यावं. कुठलं चित्र कोणाचं, ते किल्ल्याबाहेर जाणार नाही."

पट्ट्या उसवायला शिपाई एकेक करून पुढे येऊ लागले. त्यांच्यातला हैबती नावाचा एक शिपाई मात्र अंगरखा काढून हातात धरून उभा राहिला.

"सरदार, माझी पट्टी आधी काढा," तो खाली मान घालून म्हणाला. "म्हाताऱ्याला मी ढकललं. सकाळपासून तुमचं नाव छातीवर घेऊन फिरतोय. आता सोसवत नाही."

दुपारी दोघे कुंभाराच्या अंगणात गेले. म्हाताऱ्याचे मनगट जुळेपर्यंत हैबतीने तिथे राबावे, असे ठरले. तो चिखल तुडवायला खड्ड्यात उतरला. यशोधनाने जोडे काढले आणि तोही उतरला.

"अहो, तुम्ही कशाला?" कुंभारीण गडबडून म्हणाली. "करणारा हा आहे ना?"

"आज कळलं, बाई," यशोधन म्हणाला. "काल तुम्ही विचारलंत, तेव्हा ते मलाही सांगता आलं नाही; याचं नाव मीच तर उसवलं होतं."